दोन चाकांची काळी, चार चाकांची लाल

बॅग विकत घ्यायची तर माणूस दुकानात जातो. मी लोणीला गेलो, तिथून आण्याला आणि शेवटी लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर. असा खुळेपणा करायला शास्त्राचाच मास्तर लागतो, हे माझं म्हणणं नाही, बायकोचं आहे. पण चार दिवसांनंतर मला ते मान्य करावं लागलं.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. आमची वृषाली अमेरिकेत. मार्चमध्ये तिचे दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत, पण तिथल्या डॉक्टरणीने विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. मग आईनेच तिकडे जायचं ठरलं. मार्चमध्ये मला रजा मिळणं म्हणजे वाघिणीचं दूध मिळणं, कारण दहावीची परीक्षा आणि त्यामागून पेपर तपासणी. त्यामुळे मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, एकटीनेच जायला हवं होतं. मंदा तोवर एकटी स्वारगेटच्या पुढे गेली नव्हती. त्यातून आदल्या वर्षी मोरीत घसरून तिचं उजवं मनगट मोडलेलं. ते जुळलं, पण वजन उचललं की ठणकायचं.

जावयाने फोनवर सांगितलं की अमेरिकेत उतरल्यावर पहिल्याच विमानतळावर आपली बॅग पट्ट्यावरून आपणच उचलायची, तपासणीतून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. हे ऐकलं आणि मंदाने फोन माझ्या हातात दिला.

"ऐका," ती म्हणाली. "एकच बॅग नेईन. ती मला एकटीला हलवता आली तर जाईन. नाही तर वृषालीच्या सासूबाईंना पाठवा."

सासूबाईंचं नाव निघालं की आमच्या घरात वृषाली रडते, अगदी समुद्रापलीकडूनसुद्धा. तेव्हा बॅग शोधणं आलंच. लक्ष्मी रोडचा दुकानदार म्हणाला, "काका, आता चारचाकीचा जमाना आहे, बोट लावा, पळते." शेजारच्या साठेकाकू तीनदा अमेरिकेला जाऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, "दोन चाकांचीच घ्या. चारचाकीची चाकं पहिल्याच फेरीत निखळतात." दोन तज्ज्ञ आणि दोन टोकं! मग मी ठरवलं, ऐकीव माहिती नको, प्रयोग करू. साठेकाकूंची काळी दोनचाकी मागून आणली आणि शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांची लाल चारचाकी. नियम एकच, बॅगेला मंदाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

"प्रयोग घरातल्या घरात कसला करता?" मंदा म्हणाली. "चार दिवस काढा. आधी लोणीला जाऊ दत्ताकडे. पुढे आण्याला आक्काकडे."

मला ते पटलं. संक्रांत होऊन गेली होती आणि शाळेचं गॅदरिंग संपून मला जोडून सुट्ट्या आल्या होत्या.

लोणी

शिवाजीनगर स्टँडवर लाल बॅगेने पहिला डाव जिंकला. मंदाने डाव्या हाताची दोन बोटं लावली आणि बॅग फलाटावरून अशी चालली, जणू तिलाच मंचरची गाडी पकडायची होती. पाचव्या पावलाला फरशी उखडलेली होती. बॅग तिथे गुडघे टेकून बसली. काळीला खड्ड्याचं काही वाटेना, पण ती मागून ओढावी लागते, म्हणजे सगळा भार मनगटावर. एक-एक गुण मी वहीत टिपून घेतला.

मंचर मागे पडलं की मंदाची भाषा बदलते. पुण्यात सत्तावीस वर्षं काढलेली ही बाई लोणीच्या गाडीत बसली की "काय वो, व्हय का, लई दिसांनी" सुरू करते आणि माझ्याकडे परक्यासारखी बघते.

लोणीला उतरलो तर दत्ता हजर. दत्ता माझा मेहुणा. अर्धा वेळ कांद्यात आणि अर्धा वेळ मंचरच्या ट्रॅक्टरच्या दुकानात. गाडीच्या पायरीवरच त्याने लाल बॅग घेतली, डोक्यावर ठेवली आणि काळी खांद्यावर टाकली. लालची चारही चाकं आभाळाकडे तोंड करून गरगर फिरत होती.

"दत्ता, खाली ठेव. ती मंदानं ओढायची आहे."

"काय म्हनता, दाजी?"

"चाकं आहेत तिला. आमचा प्रयोग चाललाय."

"चाकं असूंद्या न्हाईतर पंख," दत्ता चालता चालता म्हणाला. "म्हायेराला आलेली लेक वझं वढत घरला येत न्हाई आमच्यात. गाव काय म्हनंल?"

गाव काय म्हणालं ते पारावरून जातानाच कळलं. एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं असावं.

"पावणं, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे की."

"मंग हात मोडलेल्या बाईला कशापायी वझं वढाया लावताय?"

मी प्रयोगाचा हेतू, पद्धत आणि निष्कर्ष समजावून सांगायला लागलो. बाबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि दुसरीकडे बघितलं. माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं अगदी असंच बघतात.

जेवायला शकूवहिनींनी, म्हणजे दत्ताच्या बायकोने, मासवड्या केल्या होत्या. पुण्यात शेजारी वाटीभर काही पाठवतात आणि संध्याकाळी वाटी परत मागायला येतात. इथे ताटात चौथी मासवडी पडली तेव्हा मी हात आडवा धरला, तर रस्सा हातावरून ताटात गेला. आग्रहाला लोणीत ब्रेक नसतो. तिखटाने माझ्या कानातून वाफा निघत होत्या आणि वहिनी विचारत होत्या, "फिकं झालं का, दाजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रिकाम्या आणलेल्या काळ्या बॅगेत वहिनींनी संसार भरलेला. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, स्वतः शिवलेली गोधडी, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी.

"वहिनी, अमेरिकेचे तपासणीवाले हे सगळं फेकून देतील."

"का? त्यांच्या घरात बाळातीन न्हाई का कुनी?" वहिनी म्हणाल्या. "पोरीला म्हायेरी येता येत न्हाई. मंग म्हायेर नगं का धाडाया तिकडं?"

विमानात तेवीस किलो चालतं एवढंच मी सांगू शकलो. दत्ताने लगेच बॅग उचलली आणि कांद्याच्या काट्यावर ठेवली. एकवीस भरली. "दोन किलो राहतंय की!" म्हणून वहिनी परत घरात पळाल्या आणि गुळाची ढेप घेऊन आल्या.

मला मात्र हे बरंच झालं. भरलेल्या बॅगेवर खरी परीक्षा होते. घरापासून मळा अर्धा किलोमीटर. रस्त्यावर खडी टाकलेली, पण रोलर अजून यायचा होता. गेली दोन वर्षं तो यायचाच होता म्हणे. दत्ता मळ्यात गेल्याचं बघून मी मंदाला म्हणालो, "चल, ओढ."

मंदाने काळी बॅग धरली. दहा पावलं गेली, कपाळाला घाम. मी मागून वही घेऊन. "मनगट सरळ ठेव. कोपरातून ओढ. उतार आला की वेग कमी." तेवढ्यात समोरून दोघी बायका वैरणीचे भारे डोक्यावर घेऊन आल्या. त्यांनी मंदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं. मग स्वतःचे भारे बांधावर टाकले आणि एकीने पुढून, एकीने मागून बॅग धरून मळ्यापर्यंत नेऊन ठेवली. मी "अहो, नको, नियम आहे" म्हणत मागे पळत होतो.

"मंदे," त्यातली एक जाता जाता म्हणाली, "मास्तर पयल्यापासून आसंच हायेत का आता झालंय?"

मंदा इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. मळ्यात दत्ताने हुरडा भाजला होता. तो गरम राखेतून काढून मंदाच्या ओंजळीत चोळून देत होता. मंदा फुंकर मारून खात होती आणि मी लांब बसून लिहीत होतो, 'लोणी, निष्कर्ष नाही.'

आणे

लोणीहून परत मंचर, मंचरहून आळेफाटा, आळेफाट्याहून नगरकडे जाणारी गाडी. काळी बॅग मी सीटखाली कोंबली. लाल मावेना, म्हणून ती दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभी केली. आण्याचा घाट लागेपर्यंत ती सभ्य बाईसारखी उभी होती. गाडीने पहिलं वळण घेतलं आणि बॅग निघाली. आधी मागच्या सीटपर्यंत गेली, एका आजोबांच्या काठीला धडकली, वळणाला तिरकी झाली आणि ब्रेक लागला तशी धावत पुढे ड्रायव्हरपर्यंत. परत चढ, परत मागे. मी उठून पकडायला गेलो तर मीच एका बाईच्या टोमॅटोच्या पाटीत बसलो.

कंडक्टर तिकिटाचा डबा वाजवत म्हणाला, "ह्यांचं तिकीट काढलंय का? सगळ्या गाडीत हिंडून ऱ्हायल्यात."

अख्खी गाडी हसली. ज्यांचे टोमॅटो चेपले त्या मावशीही हसल्या, पण पदराला पुसत मला म्हणाल्या, "राव, गाढव घ्यायचं व्हतं. हाक मारली की थांबतं तरी."

मी वहीत लालचे दोन गुण कापले. मंदा म्हणाली, "तिचे कशाला कापता? धरायला तुम्ही होतात."

आण्याला मंदाची थोरली बहीण, आक्का. पठारावर वारं असं की बोललेलं पुढच्या शेतात ऐकू जावं. वाऱ्याच्याही आधी दत्ताचा फोन तिथे पोचलेला होता. आक्का दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"या पावणं. हमालीनबाई बी आली का?"

"आक्का, तसं नाही. प्रयोग आहे तो."

"म्हाईत हाय. बहिणीचा हात मोडला तवा मला सांगितलं न्हाई, आन आता त्याच हातानं वझं वढवताय. करा, करा प्रयोग. त्या साळंतल्या बेडकावानी चिरा तिला."

मी पाय धुतले. आण्याची आमटी सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. आक्काने ती पितळीत ओतली आणि त्यात भाकरी कुस्करायला सांगितली. राग आला की आक्का तिखट जास्त घालते, असं मंदाने नंतर सांगितलं. त्या दिवशी ती फार रागात असणार. मी नाक पुसत जेवलो, पण तीन भाकरी खाल्ल्या हेही खरं आहे.

लाल बॅग सिमेंटच्या खळ्यावर ठेवली होती. वाऱ्याचा एक झोत आला आणि ती एकटीच फाटकाकडे चालायला लागली. आक्काने म्हशीचं जुनं दावं आणलं आणि बॅगेला बांधून मेखेला अडकवलं. "सुटं जनावर दारात ठिवत न्हाईत," म्हणाली. म्हैस आणि लाल बॅग शेजारीशेजारी बांधलेल्या बघून मला पहिल्यांदाच वाटलं की आपलं काहीतरी चुकतंय.

मंदा मात्र बहिणीजवळ बसून बोलत होती. हात आणि तोंड दोन्ही चाललेले. मी जरा लांब उभा होतो, तरी वाऱ्याने आक्काचा आवाज माझ्यापर्यंत आणला. "जाशील ना गं एकली?" मंदा काय बोलली ते ऐकू आलं नाही. मी दोन पावलं पुढेही गेलो. आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो, तिने 'नाही' म्हटलेलं मला ऐकायचं होतं.

लेण्याद्री

"एवढ्या लांब चाललीयस. गिरिजात्मजाच्या पाया पडून जा," आक्का म्हणाली. जुन्नरहून लेण्याद्री जवळच. मला एकदम सुचलं, तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत तिथे. अमेरिकेत सरकता जिना बंद पडला तर? आयती सोय.

लाल बॅग पायथ्याच्या प्रसादाच्या दुकानात ठेवली. काळी, भरलेली, घेऊन आम्ही पायऱ्यांशी आलो. फक्त पंधरा पायऱ्या ओढायची, असं मी मोठ्या मनाने ठरवून दिलं. डोलीवाले बसले होते. त्यातल्या एकाने बॅग बघून विचारलं, "साहेब, हिला डोली करू का?"

पहिली पायरी, ठक. दुसरी, ठक. मंदा दोन्ही हातांनी दांडा धरून उलटी चढत होती, मी खालून मोजत होतो आणि प्रत्येक पायरीला 'राहू दे, नाही जमत' म्हणत होतो. वर जाणारे लोक थांबून बघत होते. आठव्या पायरीला तिने बॅग सोडली. काळी दोनचाकी पायरीवर निमूट उभी राहिली. मंदा तिच्या शेजारी बसली आणि मनगट चोळायला लागली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय. पण ते राहू द्या. मला एकटीला जमतंय का ते बघायचंय ना तुम्हाला?"

"हो, त्याचसाठी तर—"

"मग एकटं सोडा की मला! चार दिवस मागे उभे आहात. मनगट सरळ ठेव, कोपरातून ओढ. याला एकटी म्हणतात का? तुम्ही खाली जा. मी बोलावल्याशिवाय वर यायचं नाही."

"आणि बॅग?"

"माझी बॅग आहे. मी बघीन."

सत्तावीस वर्षांत तिने मला असं कधी हाकललं नव्हतं. मी खाली येऊन चहाच्या टपरीवर बसलो. तिथून बघतोय तर मंदाने इकडेतिकडे पाहिलं. एक दणकट गडी, गळ्यात कॅमेरा, दक्षिणेकडचा असावा, पायऱ्या चढत होता. मंदा त्याला काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली, बॅग खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. ही त्याच्यामागून हात हलवत, जणू घरचाच माणूस बरोबर आहे. मी टपरीवरूनच ओरडलो, "हे बाद आहे! हे नियमात नाही!" ऐकलं फक्त वानराने. त्याने माझ्या हातातला शेंगदाण्याचा पुडा घेतला आणि झाडावर गेला.

अर्धा तास झाला, तास झाला. मी तीन चहा प्यायलो. वर चक्कर आली असेल का? मनगट गेलं असेल का? त्या गड्याने बॅग पळवली असेल का? पळवली तर पळवली, त्यात गूळ आणि अळीव आहे, पण हिला काही झालं तर? दोनदा पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत आलो. वर यायचं नाही असं तिने सांगितलं होतं.

दीड तासाने मंदा उतरली. बॅग आता एका शाळामास्तरणीच्या आणि तिच्या बहिणीच्या हातात. मंदाने दोघींना नमस्कार केला, बॅग माझ्यापुढे उभी केली आणि चहा मागवला.

"तो कोण होता?"

"कोण जाणे. हुबळीकडचा होता. मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नाही."

"मग तू बोललीस काय?"

"म्हटलं, भाऊ, जरा हात लावा. कळलं त्याला."

"अगं, पण तिकडे अमेरिकेत कोण—"

"अमेरिकेत माणसं राहत नाहीत का?"

तिने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "जाणार मी. तिकीट काढायला सांगा जावईबापूंना. आणि बॅग लाल घ्यायची, चार चाकांची."

"लाल? अगं ती खड्ड्यात रुतली, घाटात पळाली, म्हशीशेजारी बांधावी लागली!"

"विमानतळावर खड्डे असतात का? घाट असतो? तिथं गुळगुळीत फरशी असते, साठेकाकूंनी फोटो दाखवलेत. तिथं डाव्या हाताच्या दोन बोटांनी चालते ती. माझ्या मनगटाला तीच बरी. तुम्ही विमानतळाची परीक्षा घ्यायला मला बांधावर घेऊन आलात."

एवढं साधं! चौथीतल्या पोराने पकडली असती ही चूक. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"हे तुला पुण्यातच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आलो असतो का आपण?" मंदा म्हणाली. "सहा महिने बाहेर जायचं, मला दत्ताला आणि आक्काला भेटून जायचं होतं. नुसतं 'माहेरी चला' म्हटलं की तुम्हाला पेपर असतात. प्रयोग म्हटलं की सुट्टी निघते."

टपरीवाला गिऱ्हाईक सोडून आमच्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"मंदा," मी म्हणालो, "मला वाटत होतं, तुला बॅग हलवता येऊ नये."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आठ पायऱ्या तुम्ही मोजल्यात, आणि प्रत्येक पायरीला 'राहू दे, नाही जमत' असं म्हणालात. वृषालीचा बाप असून!" ती चिडून बोलली, पण आवाज शेवटी फाटला.

"सहा महिने फार होतात गं," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आमटीचं नव्हतं हे सांगायला नको.

मंदाने कप खाली ठेवला आणि चांगल्या हाताने माझा हात धरला, भर टपरीवर, डोलीवाल्यांच्या देखत.

"माझेही होतात," ती म्हणाली. "पण बॅगेच्या आडून का सांगता? तोंडानं सांगितलं असतंत, तर जाणारच होते मी, पण जाताना मला बरं वाटलं असतं."